जयसिंगच्या पाठीवर

“मग माझ्या पोराला गावानं पायाखाली तुडवायचं, असं म्हणता का, माई?”

सुभेदार घोरपड्यांचा आवाज चढला होता. डोंगराच्या पायथ्याशी त्यांनी मागवलेली काटेरी तारेची भेंडोळी येऊन पडली होती. मठातल्या गोदामाईंनी एक शब्द टाकला, की गाव गप्प बसणार होतं आणि डोंगराला कुंपण पडणार होतं. चराई बंद, लाकूडफाटा बंद.

काल-परवापर्यंत तो नुसता बोडका डोंगर होता. सुभेदारांचा जयसिंग सीमेवरच्या लढाईत पडला आणि गावानं डोंगराला त्याचं नाव दिलं. खाली पाटीही लागली.

माई ज्वारी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या,

“गाव काय म्हणतं?”

“काय म्हणणार! परवा कुणीतरी त्या बकऱ्या राखणाऱ्या पोरीला विचारलं, हौसा, बकऱ्या कुठायत गं? तर म्हणते कशी, ‘जयसिंगच्या पाठीवर!’ आणि वर दात काढून हसते...”

“म्हणजे नाव लागलं.”

“नाव पाटीवर आहेच की.”

“पाटीवर लिहिलं होतं. लागलं ते आता.”



माईंनी सूप बाजूला ठेवलं. “चला, वर जाऊ. गावाला काय सांगायचं ते माथ्यावर उभं राहून सांगेन.”

पायवाट सुरू होते तिथं सुभेदारांनी वहाणा काढल्या. पहिल्या दगडाला पाय लागला, तसे ते सवयीनं वाकले. दगडाला हात लावून कपाळाकडे नेला... आणि हात मध्येच थांबला.

बापानं मुलाला नमस्कार कसा करायचा? आणि नाही केला, तर पाय तरी कसा ठेवायचा?

ते तिथंच खाली बसले.

“नाव दिल्यापासून एकदाही वर गेलो नाही, माई. पाय उचलत नाही...”

माईही शेजारी बसल्या. वरून बकऱ्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या.

“लहानपणी तो इथं वर कसा यायचा?”

“कसा म्हणजे? माझ्या खांद्यावर. एक पाऊल चालेल तर शप्पथ!”

“पाय धुऊन बसायचा?”

“कुठलं हो...” सुभेदारांचा हात नकळत छातीवर गेला. “चिखलाचे पाय. सगळा सदरा भरायचा.”

“मग रागवायचात?”

“बाप कुठं...”



माई उठल्या. सुभेदारांच्या वहाणा त्यांनी स्वतःच्या हातांनी उचलल्या आणि त्यांच्या पायांपुढं ठेवल्या.

“घाला, सुभेदार. आता त्याची पाळी आहे.”