घाटावरची मैना आणि चार खडे

"नसेल, तर नाही. नसेल, तर नाही."

फार वर्षांमागे एका नदीच्या घाटावर पहाटे पहिला आवाज यायचा, तो हा. एका मैनेचा. लहानपणी मी तो ऐकला आहे. घाट अजून तिथेच आहे, नदीही आहे. ते बोल मात्र आता कोणी बोलत नाही.

त्या घाटावर एकच नाव होती. म्हाताऱ्या नावाड्याने ती स्वतः तासून घडवली होती. नाव केव्हा सोडायची याच्या खुणा त्याने काठच्या खडकावर कोरल्या होत्या. खुणा सगळ्यांना कळत नसत, म्हणून त्याने मैनेला त्या वाचायला शिकवले. कोणी खडकापाशी आले की मैना आपणहून सांगे, "पाणी उतरलेलं आणि वारा पडलेला, असं नसेल, तर नाव सोडायची नाही."

पुढे म्हातारा गेला. नाव मुलाकडे आली. त्याची आई रोज संध्याकाळी घाटावर येई आणि नावेच्या फळीवर हात फिरवी. नवऱ्याने लाकूड तासलेल्या वाकसाचे घाव तिच्या बोटांना ओळखू येत.

उतारू मात्र मैनेपाशी अडखळत.

"नसेल, नाही... म्हणजे जायचं का राहायचं, बाबा?" एक कुंभारीण विचारी. "हे उलगडेपर्यंत माझी मडकी म्हातारी होतील."

मुलाने ठरवले, हे सोपे करायचे. त्याने एकेक गोष्ट उलटी केली, नकार काढून टाकले आणि मैनेला नवे बोल शिकवले. "पाणी चढलं आणि वारा सुटला, तर नाव थांबेल."

"कसं सुटसुटीत झालं, आये?"

"सोपं केलंस ते बरं केलंस," आई म्हणाली. "पण चार खडे मांडून बघ. एक, दोन्ही चांगलं. एक, दोन्ही वाईट. एक, नुसतं पाणी वाईट. एक, नुसता वारा वाईट. चारही वेळा जुनं आणि नवं एकच सांगतं का?"

"तू खडे मांडेस्तोवर पलीकडचा बाजार उठेल, आये."

एके दुपारी पाणी अगदी उतरलेले होते, पण वारा सुटला होता. मुलगा खडकापाशी आला. मैनेने नवे बोल सांगितले. पाणी तर चढले नव्हते. त्याने नाव सोडली.

वाऱ्याने नाव आडवी केली आणि उघड्या पडलेल्या खडकांवर आपटली. पाणी कमरेएवढेच होते, म्हणून माणसे चालत काठाला लागली. नाव फुटली.

संध्याकाळी मुलाने वाळूत चार खडे मांडले. शेवटच्या दोन खड्यांना जुने आणि नवे जुळेना. नुसता वारा वाईट, या खड्यापाशी त्याचा हात थांबला. जुन्या बोलांनी आज नाव थांबली असती. दोन्ही बिघडायची वाट बघायचीच नव्हती, एक बिघडले तरी पुरे होते.

मैनेजवळ बसून त्याने तिला पुन्हा शिकवले. "पाणी चढलं किंवा वारा सुटला, एक जरी झालं, तरी नाव थांबेल."

मैनेने ते म्हणून दाखवले. जुन्याइतकेच खरे, आणि लहान पोरालाही कळेल असे.

"आये, आता चारही जुळतात," तो हळूच म्हणाला.

आईने वाळूतली एक फुटकी फळी उचलली. तिच्यावरच्या घावांवरून बोट फिरवले आणि फळी पदराखाली घेऊन ती घराकडे चालू लागली.

अवघड बोलणे जरूर सोपे करावे, पण सोपे केलेले बोल जुन्याशी प्रत्येक वेळेसाठी पडताळून मगच वापरावेत.