मांत्रिकाचा धूर आणि पेरूचं झाड

माझं शुद्धलेखन कच्चं आहे. शाळा लवकर सुटली, त्यामुळे शब्दही साधेच येतात. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. गोष्टीत राग दिसला तर तो मात्र चुकून आलेला नाही.

एका राज्यात जिकडे पाहावं तिकडे पेरूच्या बागा होत्या. राजाचं नाव दंडधर. त्याला मुलगी इरावती आणि धाकटा मुलगा मकरंद.

एकदा एका यक्षिणीने मकरंदाला पेरू दिला. त्यात अळी निघाली. मकरंदाने पेरू तिच्याच तोंडावर फेकला. यक्षिणी म्हणाली, "झाड हो. तुझ्या फांदीवर बिनकिडीचं फळ पिकेल आणि तुझ्या रक्ताचं माणूस ते खाईल, तेव्हा सुटशील." मकरंद जागच्या जागी पेरूचं झाड झाला.

झाडाला फळं लागत. पण फळमाशी येई, सालीला टोचून आत अंडी घाली, आणि पिकण्याआधी फळ अळ्यांनी नासून गळे.

राजाने धूम्रकेश मांत्रिकाला बोलावलं. त्याने कढईत विषारी मुळ्या जाळल्या. धुराने माशा पटापट पडल्या. राजाने त्याला उजव्या हाताला आसन दिलं. तेव्हापासून रीत पडली. गळालेली फळं वेचायची, दर पौर्णिमेला अंगणात रचायची आणि ढोल वाजवून राजाने स्वतः पेटवायची. तिला कीडहोळी म्हणत.

माशा दर वर्षी वाढल्या. धूरही वाढला. वाढला नाही तो फक्त कुणाच्या मनातला प्रश्न. कढई चुलीवरून खाली का उतरत नाही, हे मांत्रिकाला विचारायची कुणाची छाती नव्हती.

मकरंदाची पानं पिवळी पडली. इरावतीने खोडाला कान लावला. आतून आवाज आला, "ताई, ह्या बहरानंतर मी नसेन."

ती तिथेच रडत बसून राहिली. फांदीवर एक सुगरण पक्षी घरटं विणत होता. तो म्हणाला, "रडून कीड मरते का, राजकन्ये?"

"मग कशाने मरते, सुगरणबाई?"

"बाई नाही, बुवा. विणायचं मी आणि नाव बायकोचं, असाच आमच्यातला न्याय. तुमच्या राज्यात न्याय त्याहून वाईट. चोराला मारताना पहारेकरीही जाळता."

"कोण पहारेकरी?"

"मुंगीपेक्षा बारीक गांधील. माणसाला चावत नाही. फळावर बसते, सुईसारखी नांगी आत घालते आणि अळीच्या पोटात अंडं ठेवते. तिचं पिल्लू अळीला आतून खाऊन मोठं होतं. धुरातून वाचलेली ती पिल्लं गळालेल्या फळांत असतात. तुम्ही ती ढोल वाजवून जाळता."

इरावतीचे डोळे कोरडे झाले. "काय करू ते सांग."

"कामं तीन. होळीच्या तोंडातून फळं आण. माशी अडेल पण गांधील सुटेल असं कापड विण. तिसरं अवघड. बापाला त्याची चूक दाखव."

पहिलं काम. राजा मशाल घेऊन आला तेव्हा इरावती ढिगावर बसलेली होती.

"ऊठ, मुली. रीत आहे."

"रीत असेल तर मलाही पेटवा, तात."

राजाचा हात खाली आला. तिने टोपल्या भरून नेल्या आणि झाडाजवळ खड्डा खणून त्यात ओतल्या. एक टोपली तळाला माती घातलेल्या रांजणात रिकामी केली.

दुसरं काम. सुगरणाने वीण शिकवली. पहिलं कापड सैल झालं, दुसरं घट्ट. "हे तुझ्या मांत्रिकाच्या डोक्यासारखं झालं," सुगरण म्हणाला, "आत काही जात नाही, बाहेर काही येत नाही." तिसरं साधलं. तिने खड्ड्यावर आणि रांजणावर कापड ताणून बांधलं.

तिसरं काम. रांजण दरबारात आला. कापडाखाली माशा धडका देत होत्या. कापडावर बारीक गांधिली येऊन पंख पुसत होत्या.

"मांत्रिकबुवा, धूर करा," इरावती म्हणाली.

धूम्रकेशाने दरबारातच कढई पेटवून फुंकर घातली. वरच्या गांधिली गळून पडल्या. खालच्या माशाही पडल्या. दरबाराने माना डोलावल्या.

"पाहिलंत, राजकन्ये? सगळं साफ."

"आज बसा. उद्या बोलू."

दुसऱ्या दिवशी रांजणाच्या तळच्या मातीतून नव्या माशा निघाल्या. कापडावर मात्र एकही गांधील आली नाही.

इरावतीने मेलेल्या गांधिली तळहातावर घेतल्या आणि राजासमोर धरल्या. "मातीत कोश करून झोपलेल्या माशांना धूर पोचत नाही, तात. त्यांची पिल्लं मारणाऱ्यांना मात्र रोज पोचतो. हे तुमचं सैन्य. ते ह्या मांत्रिकाने मारलं आणि तुम्ही ह्याला शेजारी बसवलंत. अंगणात माझा भाऊ वाळतो आहे."

"धुराशिवाय राज्य बुडेल," धूम्रकेश म्हणाला.

"धुराशिवाय तुमचं आसन बुडेल," इरावती म्हणाली.

राजा उठला. त्याने स्वतः घागर आणली आणि कढईवर ओतली. कढई विझली तसा धूम्रकेशाचाही धूर झाला आणि खिडकीतून निघून गेला. त्याला कुणी हाक मारली नाही.

खड्ड्यातल्या माशा कापडाखालीच मेल्या. गांधिली सुटल्या आणि झाडावर पसरल्या. अळ्या संपत गेल्या. बहर सरताना शेंड्याला एक उशिराचा पेरू पिकला. राजाने तो हातात घेतला. त्याने चावा घेतला.

आत पांढरा गर होता आणि बिया होत्या. बाकी काही नव्हतं.

झाडाची साल उकलली आणि मकरंद बाहेर आला. त्याने सगळ्यात आधी हात जोडून यक्षिणीची क्षमा मागितली. लोक ढोल घेऊन धावले. इरावती म्हणाली, "ढोल ठेवा. टोपल्या घ्या. गळालेली फळं वेचायची आहेत." त्या राज्यात पुन्हा कीडहोळी पेटली नाही.

गोष्ट लिहून झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या बागेत गेलो. गळालेले पेरू बांधावर जाळायला रचले होते. ते फुटक्या पिंपात भरले, वर आईची जुनी मच्छरदाणी ताणली आणि सुतळीने आवळली. वडील म्हणाले, "हे काय नवीन?" फवारणीचा पंप त्यांच्या खांद्यावर होता. मी तो उतरवून घेतला आणि घरात नेऊन खुंटीला अडकवला.