शिळा झालेली तीन दारे

एका राज्यात धान्याचे मोठे कोठार होते आणि त्याची एकामागे एक असलेली तिन्ही दारे शिळा होऊन बसली होती. आत धान्याच्या राशी, बाहेर उपाशी प्रजा.

राजा विक्रांतसेनाचे दोन प्रधान, उग्रसिंह आणि मंदारदेव. दोघांनी आपापले अर्थपंडित पाळले होते. एका जादूगाराने दोघांनाही एकच अंजन विकले होते. ते डोळ्यांत घातले की पंडिताला प्रधानाच्या मनातले तेवढेच दिसे. अशा डोळ्यांनी सभेत साक्ष दिली की कोठाराचे एक दार दगड होई. हा शाप जादूगाराने कोणालाच सांगितला नाही. दारे दगड झाली, तेव्हा दोन्ही पक्षांनी एकमेकांवर खापर फोडले.

पंडिता कौमुदी मंदारदेवाच्या पक्षाची. अंजन हे पंडितांचे भूषण समजून ती ते रोज घाली. आपल्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून नदीपलीकडून धान्य घेऊन येणाऱ्या नावांना मंदारदेवाने बंदी केली होती. तो तिला म्हणाला, "नदीकाठी जा. बंदीने प्रजा सुखी आहे, एवढे पाहून ये."

कौमुदी गेली. तिला दारोदार तोरणे दिसली, गुटगुटीत मुले दिसली. पालथ्या पडलेल्या एका नावेवर साळुंकी बसली होती.

"पंडिते, काय दिसते?" साळुंकीने विचारले.

"सुख."

साळुंकीने पंख नदीत बुडवले आणि कौमुदीच्या डोळ्यांवर झटकले. अंजन गालांवरून ओघळले. समोर खोपटे होते. दारात एक बाई गवताची मुळे शिजवत होती. दरबारी वस्त्रे पाहून ती घाईने उठली आणि हात जोडून म्हणाली, "आम्ही सुखात आहोत, बाईसाहेब. मागच्या पंडितांनी असंच बोलायला सांगितलं होतं."

कौमुदीच्या अंगाची लाही लाही झाली. याच खोपटाला ती आत्ता सुख म्हणाली होती!

"कोठार कसे उघडेल?" तिने विचारले.

"अंजनाच्या डोळ्यांनी दिलेल्या साक्षींनीच ती दारे दगड झाली. आता तीन दारांना तीन सत्ये," साळुंकी म्हणाली. "पण अशी, जी बोलताना बोलणाऱ्याचे काही जाते."

परतताना वाटेत उग्रसिंहाने खणलेला कालवा लागला. तो कोरडा आहे, अशी साक्ष तिनेच दिली होती. कालवा काठोकाठ वाहत होता.

राजाने कोठारापुढे सभा भरवली. कौमुदी म्हणाली, "महाराज, उग्रसिंहांचे शिपाई बाजारात लूट करतात." ते खरे होते. दार मात्र हलले नाही.

"यात तुझे काय गेले?" वळचणीतून साळुंकी म्हणाली.

कौमुदीने खाली पाहिले, मग मान वर केली. "उग्रसिंहांच्या कालव्याला पाणी आहे. त्याने शेते हिरवी झाली आहेत. माझी साक्ष खोटी होती."

पहिली शिळा तडकली. तिच्या जागी पुन्हा लाकडी दार झाले आणि ते उघडले.

"कौमुदी!" मंदारदेव गरजला. "कोणाचे अन्न खातेस?"

"ज्यांच्या तोंडचे काढले त्यांचे!" ती कडाडली. "बंदीने नदीकाठ उपाशी आहे, महाराज. तिथे बाया गवताची मुळे शिजवतात, आणि आम्ही पंडित त्यांना सुखी असल्याचे पढवून येतो!"

दुसरे दार उघडले. उग्रसिंहाचे पंडित आनंदाने नाचू लागले. "बंदी उठवा! पुढच्या साली सुकाळ निश्चित!" उग्रसिंहाने गळ्यातला मोत्यांचा हार काढून तिच्यापुढे धरला.

राजाने विचारले, "पंडिते, सुकाळ निश्चित ना?"

सारी सभा तिच्याकडे पाहू लागली. एका होकाराने हार तिचा होता, मानही तिचाच होता.

"ठाऊक नाही, महाराज."

"पंडित असून ठाऊक नाही?"

"नावा आल्या तर आजची भूक भागेल. पुढे आपल्या शेतकऱ्याला भाव मिळेल की नाही, हे मला ठाऊक नाही. इथे कोणालाच ठाऊक नाही. जो छातीठोक सांगतो, त्याचे डोळे आधी धुवा!"

उग्रसिंहाने हार मागे घेतला. दोन्ही पक्षांनी तिच्याकडे पाठ फिरवली. तेवढ्यात तिसरी शिळा फुटली, आणि धान्याचा लोट राजाच्या पायांपर्यंत आला.

राजाने नदीचे पाणी आणवून साऱ्या पंडितांचे डोळे धुववले. कोणी ओरडले, कोणी मटकन खाली बसले. जादूगाराने विकलेल्या अंजनाच्या कुप्यांची राख झाली. नावा सुटल्या. प्रधानांचा पंडित पाळण्याचा अधिकार गेला, आणि सभेतल्या दोन रांगा मोडून एकच बैठक झाली. कौमुदीला त्या बैठकीत कित्येक महिने कोणी नमस्कार केला नाही. पण राज्यात घरोघरी चुली पेटत होत्या, आणि ती रोज सभेला येत राहिली.