जुनी डिस्क आणि अडलेले व्याही

एका गावात एक भोळा गडी राहत होता, केरबा त्याचं नाव. इतका भोळा, की 'वाट बघ' म्हटलं तर रस्त्याकडे टक लावून बसायचा. त्याची बायको हौसा दोघांच्या वाटणीचं डोकं घेऊन आली होती, म्हणून संसार चालला होता.

त्या हौसाच्या जिवाला यंदा घोर लागला होता. लेकीचे सासरे रंगराव रुसले होते. "लग्नात मला मानाचा फेटाच बांधला नाही," म्हणायचे, "आता सारिकाला पंचमीला माहेरी पाठवायची नाही." फेटा बांधताना तर हौसाने स्वतः पाहिलं होतं. लग्नाची फिल्मही होती, पण जुन्या कॉम्प्युटरात, आणि तो जळालेला. नवा घेतला होता, तो कोरा. जुन्याची डिस्क शाबूत असेल तर ती नव्यात बसवता येईल, असं तालुक्याच्या दुकानदाराने फोनवर सांगितलं. हौसाने लगेच रंगरावांना निरोप धाडला, रविवारी सारिकाला घेऊन या, डोळ्यांनी बघा, मग काय ते बोला.

मग ती केरबाला म्हणाली, "अहो, जुन्यातलं नव्यात घालायचं हाय. जरा खोलून ठेवा."

केरबाने दोन्ही डबे खोलले आणि जुन्यातलं नव्यात घातलं. धूळ घातली. जळमटं घातली. एक वाळलेली पाल होती, तीही घातली. डिस्क तेवढी राहिली. जागाच उरली नाही.

"अगं आई गं! ह्यो कचरा कशाला? आतलं कामाचं तेवढं घ्यायचं, वरचं टाकून द्यायचं!"

"बरं. ध्यानात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसाठी तिने त्याला अंडी आणायला पाठवलं. केरबा परतला तो टोपी दोन्ही हातांनी तोलत. टोपीत पिवळंधमक तळं.

"टरफलं दुकानातच टाकली," तो म्हणाला.

हौसाने कपाळावर हात मारून घेतला. "अहो, नाजूक जिन्नस असा आणत्यात व्हय? मऊ फडक्यात गुंडाळायचा, छातीशी धरायचा, हिसका बसू द्यायचा न्हाई!"

"बरं. ध्यानात ठेवतो."

मग नवा डबा पोत्यात घालून आणि जुनी डिस्क दुपट्यात गुंडाळून केरबा एसटीत चढला. डिस्क छातीशी धरलेली. एका बाईने उठून जागा दिली.

"रडत न्हाई, गुणाचं हाय. झोपलंय?"

"न्हाई, बंद पडलंय."

बाईचा चेहरा पांढरा पडला. "अगं बाई! मग आता?"

"आता दुसऱ्याच्या पोटात घालाय नेतोय."

पुढच्या थांब्यापर्यंत आजूबाजूची सगळी बाकं रिकामी झाली. केरबा तालुक्याला ऐसपैस बसून गेला.

दुकानदाराने डिस्क बसवली. फिल्म निघाली. निरोप देताना तो म्हणाला, "मामा, डिस्क जुनी आहे, मधेच अडेल. घाबरायचं नाही. अडलं की बंद करायचं, थोडं थांबायचं, मग चालू. सगळ्यावर हाच उपाय."

"सगळ्यावर?"

"सगळ्यावर."

"ध्यानात ठेवतो."

रविवारी रंगराव आले, बरोबर सारिका. फिल्म लागली. अक्षता पडल्या, आहेर झाले, फेटेवाला रंगरावांकडे निघाला आणि तिथेच चित्र अडलं. केरबा शांतपणे उठला. बंद केलं. थांबला. चालू केलं. आणि पडद्यावर रंगरावांच्या डोक्यावर हा एवढा फेटा! शिवाय मिशीला पीळ देत रंगराव चक्क हसत होते. हौसाला जन्मात पहिल्यांदा नवऱ्याचा अभिमान वाटला. तो चहा होईपर्यंत टिकला.

रंगराव खजील झाले. पण खजील माणूस सरळ कबूल करील तर शपथ! "फेटा बांधला, पण रंग माझ्या पसंतीचा नव्हता," ते म्हणाले. "सुनेला मी घेऊनच जाणार." हौसाने विनवण्या केल्या. सारिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. रंगराव हलेनात.

हौसा डोळे पुसत चहा आणायला उठली. जाता जाता नवऱ्याच्या कानात म्हणाली, "पावणं लई अडल्यात. तुमीच बघा आता काय ते."

"बघतो," केरबा म्हणाला.

चहा घेऊन ती आली तर खोलीला बाहेरून कडी. आत रंगराव दार बडवत होते. सारिका बाहेर, तोंडाला पदर लावून उभी. केरबा दारापुढे मांडी घालून बसलेला.

"अहो, ह्ये काय केलंसा?"

"अडलं व्हतं. बंद केलंय. थोडं थांब."

थोडं थांबून केरबा उठला. कडी काढली. दोन्ही हात जोडले, कमरेत वाकला आणि मोठ्या अदबीने म्हणाला, "हं पावणं, आता चालू पडा!"

रंगराव चालू पडले. चपला विसरले, टोपी विसरले, आणि रागाच्या भरात सूनही इथेच विसरून गेले.

हौसा उंबऱ्यातच बसली. घरात राहिलेल्या लेकीकडे बघून हसावं, की व्याह्यांच्या पाठीकडे बघून रडावं, तिला कळेना. केरबा मात्र रंगराव वळणाआड होईपर्यंत कौतुकाने बघत राहिला.

"बघ की हौसा, कसं झ्याक चालतंय," तो म्हणाला. "परत अडलं तर मला हाक मार."