शेवऱ्याच्या खांबावरची खाच

चपला पायरीखाली काढा आणि आत जाण्याआधी अंगणातला हा खांब बघा. वरचं लाकूड तुळतुळीत सागवानी आहे. खाली मात्र छातीच्या उंचीवर एक काळाकुट्ट, खाऱ्या पाण्यानं खाल्लेला तुकडा बसवलाय आणि तो तांब्याच्या पट्ट्यांनी आवळलाय. येणारा प्रत्येक पाहुणा मला विचारतो, गुरवबुवा, एवढ्या चांगल्या खांबाला हे कुजकं ठिगळ कशाला? मी सांगतो, आधी त्याला हात लावा, मग देवीला. आमच्याकडे क्रमच तसा आहे.

फार पूर्वी या अंगणात खांब नव्हता असं सांगतात. कार्तिकातल्या एका वादळात माडबंदर गावचं एक गलबत समोरच्या खडकावर फुटलं. आमच्या शेवऱ्याची माणसं कमरेला सुंभाचे दोर बांधून पाण्यात उतरली आणि सगळ्या खलाशांना ओढून काठावर आणलं. त्यांचा तांडेल, म्हणजे गलबताचा म्होरक्या, धाकू नावाचा होता. घरोघरची पेज पिऊन माणसं हिंडूफिरू लागल्यावर तो किनाऱ्यावर गेला. गलबताची फक्त डोलकाठी शाबूत उरली होती. ती त्यानं खलाशांसह खांद्यावर घेऊन देवीसमोर आणली आणि इथे उभी केली. शीड चढवायची दोरी घासून तिच्यावर एक खोल खाच पडली होती. त्याच खाचेतून दोरी घेऊन धाकूनं वर दिवा चढवला. तेव्हापासून खाडीत शिरणाऱ्या होड्यांना तो दिवा दिसू लागला.

वर्षं गेली. डोलकाठीचं बूड वाळवीनं पोखरलं आणि वाऱ्यात ती डुलायला लागली. गावानं बैठक घेतली. विसोबा मानकरी म्हणाला, उद्या ही कोणाच्या डोक्यात पडली तर? त्याचं काही चुकलं नव्हतं. रानातून सरळसोट साग आणला, नवा खांब उभा राहिला. जुन्या काठीचं काय करायचं, हा प्रश्न कोणाला पडलाच नाही. भंगलेली मूर्ती आपण पाण्यात सोडतो, तशीच हीसुद्धा. सवाष्णींनी ओटी भरली, ढोल वाजले आणि ओहोटीबरोबर काठी समुद्रात सोडली. सगळं यथासांग झालं. ज्यांनी दिली त्यांना कळवावं, एवढं मात्र राहिलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी माडबंदरहून एक मुलगी आली. नाव येसू, धाकू तांडेलाची लेक. ती पाळण्यात असतानाच धाकू पुन्हा समुद्रावर गेला होता आणि परतला नव्हता. त्याला अग्नी द्यायलाही काही मिळालं नाही. शेवऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. आता येसूचं लग्न ठरलं होतं. आईनं तिला सांगितलं होतं, तुझ्या बापाचा हात लागलेली एकच वस्तू जगात उरलीय, ती शेवऱ्याची काठी; तिच्यावरची खाच बघ आणि पाया पडून ये.

येसूनं खांबाला नमस्कार केला. मग ती खाच शोधू लागली. खांबाला हात लावत एक फेरा मारला, पुन्हा उलटा मारला.

"खाच कुठाय?" तिनं विचारलं.

"बाय, काठी जुनी झाली व्हती," विसोबा म्हणाला. "वाजतगाजत दर्याला दिली."

येसू म्हणाली, "माज्या बापाला दर्यानंच न्हेला. ही पन त्यालाच दिलीत?"



मग तीच पुढे म्हणाली, "बापानं दिली ती तुमचीच. पन टाकायच्या आदी आमाला इचारायचं व्हतं."

त्या संध्याकाळपासून नव्या खांबावरचा दिवा टिकेना म्हणे. वारा नसतानाही विझायचा. लोक म्हणतात देवीचा कोप. मला विचाराल तर लावणाऱ्यांचेच हात कापत असतील. विसोबानं देवीसमोर शपथ घेतली की काठी सापडेपर्यंत पायांत वहाण घालणार नाही. गावातली प्रत्येक होडी शोधायला निघाली. येसू किनाऱ्यावर बसून राहिली.

अमावस्येचं उधाण आलं आणि ओसरलं. खाडीत कालवं-शिंपल्या काढायला गेलेल्या बायकांना कांदळाच्या झाडांच्या मुळांत एक लाकूड अडकलेलं दिसलं. सबंध काठी नव्हती, हा एवढाच तुकडा. पण खाच त्याच्यावर होती. येसूनं तिच्यात बोट घातलं आणि ती तिथेच चिखलात बसून रडली.

विसोबा म्हणाला, "बाय, तुजी वस्तू हाय. घेऊन जा."

"बापानं देवीला दिलीय. मी कशी न्हेऊ?" असं म्हणून तिनं तो तुकडा नव्या खांबाला जोडून घेतला, रात्री दिवा टिकलेला बघितला आणि मगच लग्नाला गेली.

त्यानंतर कितीतरी खांब बदलले. पण माडबंदरचं कोणी येऊन या तुकड्याला हात लावल्याशिवाय आम्ही खांबाला करवत लावत नाही. मध्ये आमच्या तरुण मंडळींनी लोखंडी खांब आणि विजेचा दिवा बसवायचा घाट घातला. बराच वाद झाला. शेवटी माडबंदरला निरोप गेला आणि येसूच्या घराण्यातली एक म्हातारी रिक्षातून उतरली. आम्हाला वाटलं, आता ही चिडणार. तिनं तुकड्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "खांब कसला पन करा रे. हे तेवडं पोरींच्या हाताला येईल असं ठेवा." मग तरुणांनीच सागवान आणलं. विजेचा दिवा मात्र लावला, तो वर दिसतोय.

आजही दोन्ही गावांतल्या मुली लग्नाआधी इथे येतात, खाचेत बोट घालून क्षणभर उभ्या राहतात. ज्यांचे वडील गेलेत त्या जरा जास्त वेळ थांबतात, आम्ही त्यांना घाई करत नाही. दोरी तर केव्हाच गेली. पण माझ्या लहानपणी या खाचेत अर्धंच बोट जायचं. आता घालून बघा, पोरींच्या बोटांनी ती किती खोल केलीय.