दरडीमागचं पाणी

"पडेल की नाही, एवढंच सांगा, उस्ताद."

फरामर्जने हे विचारलं तेव्हा उस्ताद यदुल्ला विहिरीच्या काठावर बसून कमरेला दोर बांधत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"काय, छत?"

"छत नाही. सरकार."

"अच्छा... ते होय," असं म्हणून उस्तादांनी दुसरी गाठ मारली.

इराणच्या त्या वाळवंटी मुलखात नदी नाही आणि पावसाचा भरवसा नाही. डोंगराच्या पायथ्याशी जमिनीच्या पोटात जे पाणी आहे, ते माणसांनी भुयार खणून, उताराउताराने, कोसभर लांबच्या गावापर्यंत चालवत आणलेलं. त्या भुयाराला तिकडे कनात म्हणतात. वाटेत ठरावीक अंतरावर उभ्या विहिरी असतात, आत हवा यावी आणि गाळ वर काढता यावा म्हणून. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे उस्ताद या कनातीचे कारागीर. कुदळीच्या दांड्याने भुयाराचं छत ठोकून ते सांगत, हे आज पडेल, हे अजून चार वर्षं जाईल. त्यांचा अंदाज चुकलेला गावात कुणाला आठवत नव्हता.

म्हणून तर फरामर्ज त्यांना विचारत होता.

तो राजधानीत इतिहास शिकत होता. घोषणा देत रस्त्यावर उतरला, म्हणून विद्यापीठातून नाव गेलं. पुढचे नऊ महिने कोठडीत गेले. त्याच्या जिवलग मित्राचा पोलिसांच्या छर्ऱ्याने एक डोळा गेला. सुटल्यावर तो आईच्या गावी आला, तेव्हा उस्तादांनी काही न विचारता त्याच्या हातात कुदळ दिली. त्याला आता दोन वर्षं झाली होती.

पोरगा हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. जेवताना तो उस्तादांना राज्यं मोजून दाखवायचा. सासानी सव्वाचारशे वर्षं टिकले, सफवी सव्वादोनशे, काजार एकशे तीस, शेवटचे दोन शहा मिळून चोपन्न. आकडे कसे उतरत आले आहेत बघा, म्हणजे यांचीही वेळ भरलीच. उस्ताद डाळिंब सोलून त्याच्यापुढे ठेवत आणि नातवाचं पाठांतर ऐकावं तसं कौतुकाने ऐकत. एकदाच त्यांनी विचारलं होतं, की एक राज्य जाऊन दुसरं येईपर्यंतच्या वर्षांत आपली कनात कोण साफ करत होतं? फरामर्जच्या पुस्तकांत ते नव्हतं. तो विषय त्याने उडवून लावला.

आता राजधानीतून निरोप आला होता. पुढच्या शुक्रवारी लोक पुन्हा रस्त्यावर उतरणार होते, आणि मित्रांचं म्हणणं होतं की या खेपेला नक्की. फरामर्जने हे 'नक्की' दोनदा ऐकलं होतं आणि दोन्ही वेळा त्यावर विश्वास टाकला होता. दुसरीकडे सीमेपलीकडे त्याचा चुलतभाऊ वाट पाहत होता.

"पडणार असेल तर मी शुक्रवारी तिथे असेन," तो म्हणाला. "पडणार नसेल तर डोंगर ओलांडतो आणि पुन्हा तोंड दाखवत नाही. तिसऱ्यांदा आशा धरायचं बळ नाही राहिलं, उस्ताद."



उस्तादांनी आता वर पाहिलं. हात लांब करून त्याच्या गालावरची माती अंगठ्याने पुसली.

"चल. आधी पाणी बघू."

गावात तीन दिवसांपासून पाण्याचा थेंब आला नव्हता. बायका रिकामी भांडी घेऊन कनातीच्या तोंडाशी बसून होत्या.

दोघे पाचव्या विहिरीतून खाली उतरले आणि पाण्याच्या उगमाकडे निघाले. फरामर्ज पुढे, कपाळाला दिवा बांधून. बरंच अंतर गेल्यावर वाट संपली. छत ढासळून भुयारात दरड बसली होती, आणि वरचा भाग खाली आल्यामुळे तिथे उकिडवं बसण्याइतकी जागा झाली होती.

फरामर्जने मातीला कान लावला.

पलीकडे पाणी होतं. तुंबून, दाटून उभं राहिलेलं. त्याची घरघर त्याला गालाच्या हाडातून कळत होती, आणि त्याला इतका आनंद झाला की तो हसायलाच लागला.

"काठोकाठ आहे, उस्ताद. नुसता एक घाव हवाय."

त्याने कुदळ उचलली.

उस्ताद त्याच्या काखेखालून पुढे सरकले आणि दरडीला पाठ टेकून बसले. गुडघे हनुवटीला लागलेले.

"बाजूला व्हा."

उस्ताद जागचे हलले नाहीत.

"उस्ताद, पाणी आपलंच आहे."

"आपलंच आहे," उस्ताद म्हणाले. "सुटल्यावर कुठून जाईल?"

"खालच्या वाटेने. गावाकडे."

"त्या वाटेने तू आत्ता कसा आलास?"

फरामर्जने स्वतःकडे पाहिलं. छातीपासून गुडघ्यांपर्यंत चिखल. कोपरं सोललेली.

तो पोटावर सरपटत आला होता. छताची डागडुजी ते दोघे करत, पण दरसालची गाळ काढायची रीत गावाने तीन वर्षं पाळली नव्हती, आणि जेमतेम हातभर वाट मोकळी राहिली होती. एवढं पाणी एकदम सुटलं असतं तर त्या फटीत मावलं नसतं. आधी त्या दोघांना घेतलं असतं, मग छत भिजवून सगळं भुयारच खाली बसवलं असतं. गावाला घटकाभर पाणी मिळालं असतं, आणि त्यानंतर कधीच नाही.

त्याच्या हातातली कुदळ आपोआप खाली आली. हा म्हातारा आडवा का बसला होता, ते त्याला आत्ता कळलं.

"मग सुरुवात कुठून करायची?"

"गावाच्या तोंडापासून," उस्ताद म्हणाले. "पाण्यापासून जिथे सगळ्यात लांब आहोत, तिथून."

फरामर्ज पाण्याकडे पाठ करून परत फिरला, तेव्हा त्याला मनातून संतापच आला होता.

गाव हौदातल्या साठ्यावर तगलं आणि सात दिवस गाळ निघत राहिला. चामड्याच्या बादल्या भरायच्या आणि वर रहाट फिरवणारे त्या ओढून घ्यायचे. अख्खं गाव रहाटावर आलं. एका दुपारी फरामर्ज दोराला लोंबकळत खाली उतरत होता, तेव्हा वर पाहतो तर रहाटाला हबीबुल्ला. याच्या दारावर सरकारी झेंडा असायचा, म्हणून फरामर्ज दोन वर्षं त्याच्याशी बोलला नव्हता.

"आस्ते सोडू?" हबीबुल्लाने विचारलं.

"...आस्ते सोड."

आठव्या दिवशी, गुरुवारी सकाळी, दरडीशी पोचल्यावर उस्तादांनी कुदळ स्वतःहून त्याच्या हातात दिली आणि बोटाने जागा दाखवली. अगदी तळाशी. फरामर्जने भोक पाडलं. आधी बोटाएवढी धार आली, मग मनगटाएवढी, आणि घोट्यांवरून वाहत अंधारात गावाकडे निघाली. दुपारपर्यंत ती कनातीच्या तोंडाशी पोचली. बायकांचा गलबला ऐकून फरामर्ज काठावर मटकन बसला आणि सगळ्यांदेखत रडला. तुरुंगातून सुटल्यापासून पहिल्यांदाच.

संध्याकाळी हमरस्त्यावर राजधानीची बस थांबायची. उस्ताद त्याला सोडायला आले. 

"तुम्ही सांगितलंच नाहीत," शेवटी फरामर्ज म्हणाला.

"काय?"

"पडेल की नाही ते."

"मला मातीतलं कळतं, बाळ. त्यातलं नाही कळत."

"तरी मी जातोय."

"बघतोय ना मी."

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायची त्याने काही खटपट केली नाही. त्याने पोराच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं. दूरवर बसची धूळ दिसू लागली.

"आणि या खेपेलाही नाही पडलं, उस्ताद... तर येऊ ना परत?"

"नाही पडलं, तर सावकाश ये," उस्ताद म्हणाले. "पडलं, तर मात्र त्याच दिवशी इकडे निघ. गाळ काढायला खरे हात तेव्हाच लागतील."