थोरल्या दाढेचा ठणका

फार मागे, दातांना वाचा होती तेव्हाची गोष्ट. सारजाक्काच्या तोंडात दोन दाढा शेजारी-शेजारी नांदत होत्या. थोरलीला कीड लागली. ती ठणकली, की सारजाक्का तव्यावर भाजलेली मशेरी बोटानं तिच्यावर दाबायची.

धाकटी संतापली. "अगं बाई, ती औषध मागतेय आणि तू तिचं तोंड दाबतेस?"

"गप गं! मशेरीनं सगळं थांबतं."

एके सकाळी ठणका खरंच थांबला. सारजाक्का खुशीत म्हणाली, "बघ, झाली की नाही बरी!"

धाकटीनं थोरलीला हाका मारल्या. ओ आली नाही.

"बरी कुठली? मेली ती!" धाकटी कडाडली. "तिची कीड आता माझ्यात शिरलीय. मी ओरडतेय तोवर ऊठ आणि मला वैद्याकडे ने!"